परभृताचे गाणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मल्लेश्वरम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाच्या वाटचालीविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळी करतीलच. मी मात्र आज आपल्यापुढे एक निराळाच विषय मांडणार आहे. प्राणी कसे ऐकतात, आवाज कसा काढतात आणि त्या आवाजाने एकमेकांना काय सांगतात, हा तो विषय. त्याचा आणि मराठी मंडळाचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर शेवटी मिळेल, एवढे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो.

सुरुवात आपल्या पायाखालच्या भूमीपासूनच करू. मल्लेश्वरमला हे नाव ज्या देवळावरून मिळाले, ते काडु मल्लेश्वराचे देऊळ. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव या देवळाशी जोडलेले आहे. येथील १६६९ सालच्या शिलालेखात त्यांनी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्यापैकी कोणी नोकरीनिमित्त या शहरात पाऊल टाकले, त्याच्या तीनशे वर्षे आधीच मराठी बोल या रानाने ऐकले होते. पुढे येथे नवी वसाहत आखली गेली. तिच्या दोन मोठ्या रस्त्यांची नावे पाहा. संपिगे म्हणजे सोनचाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. रान गेले, पण त्याची आठवण रस्त्यांच्या नावांत राहिली, आणि काही अंशी आवाजांतही राहिली. आजही उन्हाळ्याच्या पहाटे येथे कोकिळ ओरडतो, दुपारी तांबट पक्षी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा ठोका धरतो, आणि रात्र पडली की सँकी तलावाच्या बाजूने रातकिड्यांची किरकिर सुरू होते.

हे आवाज आपण रोज ऐकतो. पण ते आपल्यासाठी नसतात. आवाज ही एकट्याची गोष्ट नव्हे. प्रत्येक आवाजाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी कान असतो आणि त्या कानासाठीच तो घडलेला असतो. रंग अंधारात दिसत नाही. वास वाऱ्याच्या मर्जीने जातो आणि बराच वेळ रेंगाळतो. आवाज मात्र अंधारात जातो, झाडाझुडपांना वळसा घालतो, क्षणात पोहोचतो आणि क्षणात विरतो. म्हणून ज्यांना रात्री, दाट पानोळ्यात किंवा दूर अंतरावर एकमेकांना गाठायचे असते, त्या प्राण्यांनी आवाजाचा आश्रय घेतला.

आपला कान यातला फार थोडा भाग टिपतो. एका सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्झ या एककात मोजतात. तरुण, निरोगी माणसाला सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नकोच. या पट्ट्याच्या खाली आणि वर जे चालते त्याला आपण शांतता म्हणतो. वस्तुतः ती शांतता नसते.

खालच्या बाजूचे उदाहरण हत्तीचे. १९८४ साली केटी पेन या अमेरिकन संशोधिका पोर्टलंड येथील प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याजवळ बसल्या असता त्यांना हवेत एक धडधड जाणवली. कानाला काही ऐकू येत नव्हते. पण देवळात मोठा नगारा वाजताना छातीत जे जाणवते, तशा जातीचे ते स्पंदन होते. ध्वनिमुद्रण वेगाने वाजवून पाहिल्यावर उलगडा झाला, की हत्ती माणसाच्या श्रवणमर्यादेखाली एकमेकांशी बोलत होते. असा खालच्या पट्टीचा आवाज वाटेत फारसा शोषला जात नाही. त्यामुळे एकमेकांपासून काही किलोमीटर दूर असलेले कळप संपर्क ठेवू शकतात. आपल्या शेजारच्या भारतीय विज्ञान संस्थेतील, म्हणजे जिला येथील जुनी मंडळी अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात तिच्यातील, संशोधकांनी मुदुमलाईच्या जंगलातील रानटी हत्तींच्या आवाजांचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी त्या आवाजांचे चार प्रकार मांडले. तुतारीसारखा चीत्कार, आखूड चिवचिवाट, गर्जना आणि खोल घुमार. एवढ्या मोठ्या प्राण्याने चिवचिवावे याची आपल्याला गंमत वाटते. पण ती नोंद खरी आहे.

वरच्या बाजूचे उदाहरण वटवाघळाचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्पालांझानी या धर्मगुरू असलेल्या शास्त्रज्ञाने पाहिले, की डोळे गेलेले वटवाघूळ अंधाऱ्या खोलीत सुखरूप उडते. कान बंद केले की मात्र ते आपटते. कानाने दिसते, ही गोष्ट त्या काळी कोणाला पटेना. दीडशे वर्षांनी, १९३८ साली, डॉनल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने हार्वर्ड विद्यापीठात अतिसूक्ष्म ध्वनी टिपणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळे धरली, तेव्हा ती ‘मुकी’ वटवाघळे अखंड ओरडत असल्याचे उघड झाले. ती स्वतःच्याच आवाजाचे प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात आणि किडे टिपतात. आंब्या-उंबरांवर येणारी मोठी फळखाऊ वटवाघळे मात्र प्रामुख्याने डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात. येथे जमलेल्या बेळगाव-खानापूरच्या मंडळींना सांगायला आनंद वाटतो, की खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या ज्या गुहा आहेत, तेथे राहणाऱ्या वटवाघळांच्या एका दुर्मिळ जातीचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले, आणि कित्येक वर्षे जगात ही जात त्या एकाच ठिकाणी माहीत होती. तिच्या हाका इतर बऱ्याच वटवाघळांच्या मानाने खालच्या पट्टीच्या असतात. भीमगड अभयारण्याची घोषणा २०११ साली झाली, त्यामागच्या कारणांत या मुक्या समजल्या गेलेल्या जिवाचाही वाटा होता.

आता मी आपल्याला अगदी शेजारी घेऊन जातो. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९८३ साली भारतीय विज्ञान संस्थेत परिसरविज्ञानाचे केंद्र उभारले. त्या केंद्रात रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रातकिड्यांच्या गाण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. रातकिड्याला कंठ नसतो. त्याच्या एका पंखावर करवतीसारखी दातेरी शीर असते आणि दुसऱ्याची कड तिच्यावर घासून तो आवाज काढतो. गातो तो केवळ नर, आणि ऐकणारीचे कान असतात पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली! पायांनी ऐकत ती गाणाऱ्याकडे चालत जाते. हवा तापली की किरकिर जलद होते, थंडावली की मंदावते. म्हणून रातकिड्यांचे ठोके मोजून तपमान सांगण्याचे सूत्र १८९७ सालीच मांडले गेले होते.

या किड्यांतील झुडपांवर राहणाऱ्या एका नाजूक, फिकट हिरव्या जातीची कथा ऐकण्यासारखी आहे. बंगळूरच्या पूर्वेला, आंध्रच्या हद्दीत, कुप्पमच्या आसपास उग्र वासाच्या रानतुळशीच्या झुडपांवर ती आढळते. मादी मोठा आवाज पसंत करते. मग ज्याचा आवाजच लहान त्याने काय करावे? तो पानाला मध्यभागी भोक पाडतो, त्यात डोके घालून पंख पानाला लावून बसतो आणि गातो. पान ध्वनीला आडवे धरल्यामुळे पंखाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या लहरी एकमेकींना मारत नाहीत, आणि आवाज दुपटी-तिपटीने वाढतो. याच संस्थेत संशोधनाचे धडे घेतलेल्या नताशा म्हात्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की हा किडा मोठे पान निवडतो आणि भोकही आपल्या पंखांच्या मापाचे पाडतो. पुढे २०२० साली बालकृष्णन यांच्या गटाने दाखवले, की ही युक्ती मुख्यतः आकाराने लहान आणि आवाजाने दुबळे नर वापरतात, आणि मादीच्या दरबारात ती फळते. ध्वनिवर्धकाचा शोध आपण लावला, असे मानणाऱ्या माणसाने या किड्यापुढे जरा नम्र व्हावे.

पण गाणे म्हणजे जोखीमही असते. ज्या कानासाठी ते गायिले, त्याखेरीज दुसरे कानही जागे असतात. पश्चिम घाटातील एक जातीचे वटवाघूळ, नाकतोड्यासारखे दिसणारे लांब मिशांचे हिरवे किडे जेव्हा गातात, तेव्हा त्यांच्या गाण्याचा माग काढून त्यांच्यावर झडप घालते. मग गाणारे नरच अधिक मरत असतील, असे कोणालाही वाटेल. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या संशोधनात उलटच आढळले. वटवाघळांच्या बसण्याच्या जागांखाली सापडलेल्या अवशेषांत मुक्या माद्यांचे अवशेष जास्त होते. गाणारा एका जागी बसतो. ऐकणारीला त्याच्यापर्यंत जावे लागते, आणि त्या प्रवासातच ती वटवाघळाच्या तावडीत सापडते. संवादाची किंमत केवळ बोलणाराच देतो असे नाही; ऐकणाराही देतो.

येथवर मी जे सांगितले त्यात एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. रातकिड्याला गाणे कोणी शिकवीत नाही. अनेक जातींत तो अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचा बाप हयातही नसतो. तरी वेळ आली की पंख घासून तो आपल्याच जातीचे गाणे गातो, आणि मादी ते ओळखते. गाणे त्याच्या घडणीतच असते. मग पक्ष्यांचे काय?

येथे मला कोकिळ आठवतो. आपण ‘कोकिळा गाते’ असे म्हणतो. प्रत्यक्षात तो तीव्र, चढत जाणारा ‘कुहू’ काळ्या नराचा असतो, आणि ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती ‘किक् किक्’ करते. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. संस्कृत कोशकारांनी या दोघांना दिलेली नावे मोठी मार्मिक आहेत. कोकिळ तो परभृत, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. आणि कावळा तो परभृत्, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. फरक केवळ एका हलन्ताचा! आता विचार करा. कोकिळाचे पिल्लू डोळे उघडते ते कावळ्याच्या घरात. भरवणारी चोच कावळ्याची, कानावर पडणारी बोली कावळ्याची. पण मोठा झाल्यावर तो ‘काव काव’ करीत नाही, ‘कुहू’च करतो. निसर्गाने हा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत, दरवर्षी, फुकट करून ठेवला आहे. कोकिळाचा स्वर त्याच्या रक्तात असतो.

याच्या उलट प्रकार कावळ्याचा. आपल्याला हसू येईल. पण शास्त्राच्या वर्गवारीत कावळा गायक पक्ष्यांच्या गटात मोडतो आणि कोकिळ मोडत नाही. दयाळ, बुलबुल, साळुंकी, कोतवाल, चिमणी हे सारे कावळ्याचे त्या गटातले भाऊबंद. हे गायक पक्षी, पोपट आणि गुंजन पक्षी या तीन गटांतच आवाज ऐकून शिकण्याची क्षमता ठळकपणे आढळते. इतर पक्षी स्वर घेऊन जन्मतात. यांना स्वर मिळवावा लागतो.

हे सिद्ध कसे झाले ते थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकात केंब्रिज येथे डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी चाफिंच नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याची पिल्ले मोठ्या पक्ष्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती मोठी होऊन गाऊ लागली. पण गाणे ओबडधोबड, ताल आहे आणि बंदिश नाही असे. त्यांचे शिष्य पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात एका जातीच्या चिमणीचा अभ्यास केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात थोड्या थोड्या अंतरावर या पक्ष्याच्या बोली बदलतात असे त्यांना आढळले. कऱ्हाडची मराठी आणि मालवणची मराठी जशी वेगळी, तशा. पिल्लू वयाच्या साधारण दहाव्या ते पन्नासाव्या दिवसांत जी बोली ऐकते, तीच पुढे गाते. त्या काळात ते स्वतः गात नसते. केवळ ऐकत असते. कित्येक आठवड्यांनी ते गायला लागते तेव्हा ती ऐकलेली बंदिश मनात धरून स्वतःचा आवाज तिच्याशी ताडून पाहते, चुकते, सुधारते. मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ साली दाखवले, की बंदिश ऐकून झाल्यावर पण गाण्याचा सराव सुरू होण्याआधी पक्ष्याची श्रवणशक्ती गेली, तर गाणे बिघडते. म्हणजे कान दोनदा लागतो. एकदा गुरूचे ऐकण्यासाठी आणि एकदा स्वतःचे ऐकण्यासाठी.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्लर यांची पिल्ले ध्वनिफितीवरून शिकत होती आणि पन्नास दिवसांनंतर त्यांच्यावर फितीचा परिणाम होत नसे. पण १९८४ साली बाप्टिस्टा आणि पेट्रिनोविच या दोघांनी फितीऐवजी जिवंत पक्षी शेजारी ठेवला, तेव्हा पन्नास दिवस उलटून गेलेली पिल्लेही शिकली. इतकेच नव्हे, तर शेजारी दुसऱ्या जातीचा पक्षी ठेवला तर त्याचेही गाणे शिकली. आवाज तोच, पण त्याच्यामागे उत्तर देणारा, जवळ येणारा जीव असला की शिकण्याचे दार अधिक काळ उघडे राहते.

आणि शिकवणारा कोणीच उरला नाही तर? ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा मधुपक्षी आहे. एकेकाळी तो मोठमोठ्या थव्यांनी हिंडत असे. जंगले तुटली आणि तो काही शेकड्यांवर आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले, की सुमारे २७ टक्के नर आपल्या प्रदेशाचे रूढ गाणे गात नव्हते आणि १२ टक्के नर तर सरळ दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची गाणी गात होते. तरुण पक्ष्याला ऐकायला आपल्या जातीचा वडीलधारा सापडला नाही. मग जो सापडला त्याचे त्याने उचलले. असे परके गाणे गाणाऱ्यांना जोडीदार मिळणेही कठीण जाते. पक्षी जिवंत असतो, पंख तेच, रंग तोच. पण त्याच्याच जातीला तो ओळखू येत नाही. ही जात वाचवण्यासाठी बंदिवासात वाढवलेल्या पिल्लांना गाणे शिकवण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले आहे. नुसत्या ध्वनिमुद्रणावर भागले नाही. रानात जन्मलेले प्रौढ नर गुरू म्हणून ठेवले आणि एका गुरूमागे शिष्य मोजके ठेवले, तेव्हा गुण दिसू लागला.

शिकण्याची ही ओढ किती बलवान असते, हे सांगणारी एक गोष्ट सस्तन प्राण्यांतलीही आहे. दक्षिण कोरियातील एका प्राणिसंग्रहालयात कोशिक नावाचा आशियाई हत्ती सोंड तोंडात घालून काही कोरियन शब्द उच्चारत असे. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. तो लहान असताना सुमारे पाच वर्षे तेथे दुसरा हत्तीच नव्हता; बोलायला होती ती माणसेच. त्याला त्या शब्दांचा अर्थ कळत होता असे दिसत नाही. ज्यांच्यात राहायचे त्यांच्याशी नाते जोडण्यासाठी त्याने त्यांचे आवाज उचलले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. सोंड तोंडात घालून परक्यांचे शब्द घडवणाऱ्या त्या एकट्या हत्तीचे चित्र माझ्या मनातून जात नाही.

बंधुभगिनींनो, आता आरंभी दिलेले आश्वासन पुरे करतो. आपल्या सभा-संमेलनांत मी अनेकदा ऐकले आहे, ‘मातृभाषा रक्तातच असते हो, मुलांना ती येईल आपोआप.’ हे वाक्य दिलासा देणारे आहे. पण ते कोकिळाला लागू आहे, आपल्याला नाही. माणूस हा कोकिळ नव्हे. भाषेच्या बाबतीत तो दयाळाच्या आणि कावळ्याच्या पंक्तीत बसतो. जे ऐकतो तेच शिकतो, आणि ते जिवंत माणसाकडून शिकतो.

यालाही पुरावा आहे, आणि तो आपल्याच वर्णमालेतला आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना त्यांतला भेद कळत होता. तीच मुले वर्षाची होत आली, तो ती क्षमता मावळली. हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांत मात्र ती टिकली. मूल जगातल्या सर्व भाषांचा कान घेऊन जन्मते आणि वर्षभरात घरात ऐकू येणाऱ्या भाषांपुरता तो घडवते. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या मुलांना चिनी भाषा ऐकवली. चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली, तेव्हा बारा बैठकांत मुलांचा कान तयार झाला. तीच माणसे, तेच बोलणे चित्रफितीवरून किंवा नुसत्या ध्वनिफितीवरून ऐकवले, तेव्हा काहीही झाले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या त्या पिल्लांची आणि या तान्ह्यांची साक्ष एकच आहे.

आपल्या घरातले एक उदाहरण पाहा. बंगळूरात वाढणाऱ्या मराठी मुलांना ‘ळ’ जड जात नाही, कारण कानडीत तो आहे; उत्तरेकडे वाढणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांना तो जड जातो. परंतु ‘चार चाके’ म्हणून पाहायला सांगा. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च हे निराळे आहेत. लिपीत हा भेद दिसत नाही, पुस्तकात तो सापडत नाही. तो फक्त आजीच्या तोंडी असतो. ज्या घरात तो कानावर पडला नाही, तेथे दोन्ही च एक होतात. मूल हुशार नाही म्हणून नव्हे. त्याने ऐकलेच नाही म्हणून.

याचा अर्थ मुलांनी कानडी शिकू नये असा कोणी काढू नये. पश्चिम घाटाच्या जंगलात भृंगराज नावाचा, शेपटीला दोन लांब पिसे असलेला पक्षी आहे. तो इतर अनेक पक्ष्यांचे आवाज काढतो. श्रीलंकेत झालेल्या अभ्यासात दिसले, की धोक्याच्या वेळी तो इतरांच्या धोक्याच्याच हाका काढतो. म्हणजे नक्कलही प्रसंग पाहून करतो. आणि स्वतःचे गाणे तो सोडत नाही. ज्या भूमीने आपल्याला अन्न दिले तिची भाषा आपल्या मुलांनी भृंगराजासारखी चोख बोलावी. आपले गाणे मात्र त्यांना आधी ऐकायला मिळावे.

शेवटी पुन्हा व्यंकोजीराजांकडे येतो. याच भागातून त्यांचा वंश तंजावरला गेला. तेथले राज्य १८५५ साली संपले. पण त्यांच्याबरोबर गेलेल्या कुटुंबांची मराठी घराघरांत टिकून राहिली. तिच्यात तमिळचे वळण आहे, काही आपल्याला विसर पडलेले जुने शब्द आहेत. पुण्याचा माणूस ती ऐकून कदाचित हसेल. त्याने हसू नये. ती बिघडलेली मराठी नव्हे. त्या चिमण्यांच्या बोलींसारखी ती एक बोली आहे. शाळा नाही, वृत्तपत्र नाही, राजाश्रयही गेला. तरी साडेतीन शतके ती एका कंठातून दुसऱ्या कानात गेली, आणि तेवढ्याने जगली.

म्हणून मंडळाला माझी एकच विनंती आहे. ध्वनिमुद्रिका जपा, ग्रंथालय वाढवा, नाटके बसवा. पण या सुवर्णमहोत्सवी वर्षात आणखी एक साधी योजना करा. दर रविवारी एका आजीसमोर किंवा आजोबांसमोर चार-पाच मुले बसवा. शिकवणी नको, परीक्षा नको. आजीने शेंगा सोलाव्यात आणि बोलावे. मुलांनी ऐकावे, विचारावे, चुकावे. पहिले काही महिने मुले काहीच बोलली नाहीत तर निराश होऊ नका. पिल्लू आधी ऐकते आणि पुष्कळ नंतर गाते, हे आपण आता जाणतो.

उद्या पहाटे काडु मल्लेश्वराच्या बाजूने कोकिळ ओरडेल. तो परभृत आहे. त्याला कोणी शिकवावे लागले नाही. पण त्याच झाडावर एखादा दयाळ शीळ घालत असेल, तर त्या शिळेमागे त्याच्या आधीचा एक दयाळ आहे आणि त्याच्याही आधीचा एक. आपण त्या दुसऱ्या जातीचे आहोत, एवढे विसरू नये.